साठवलेल्या लाल पेशी किती दिवस खऱ्या: अँटिबॉडी स्क्रीनिंगच्या प्रकल्प नोंदी, ठाणे

२ जून

मॅडमनी शनिवारी होकार दिला त्यामुळे आजपासून नोंदी. काम असं की अँटिबॉडी स्क्रीनिंगसाठी (पेशंटच्या प्लाझ्म्यात दुसऱ्याच्या लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहे का ते बघायला) आपण ज्या तयार लाल पेशी विकत घेतो त्या फ्रीजमध्ये किती दिवस भरवशाच्या राहतात ते स्वतः तपासायचं, आणि आपल्याच ओ गटाच्या नेहमीच्या डोनरकडून तीन सेलचा सेट बनवता येतो का ते बघायचं.

हे डोक्यात आलं ते दिव्याहून येणाऱ्या एका मुलामुळे. ९ वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. मे महिन्यात नेहमीसारखं स्क्रीनिंग निगेटिव्ह, क्रॉसमॅच (पिशवीतल्या पेशी पेशंटच्या प्लाझ्म्याशी लावून बघणं) जुळला, रक्त चढलं, आणि नवव्या दिवशी आई त्याला परत घेऊन आली. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, हिमोग्लोबिन रक्त चढवायच्या आधी होतं तिथेच. आई म्हणाली "ताई, रक्त दिलं की चार दिवस तरी उड्या मारतो, ह्या वेळी अजूनच मलूल झाला." नवीन सॅम्पल लावलं तर डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह म्हणजे अंगातल्या पेशींवर अँटिबॉडी चिकटलेली, स्क्रीनिंग टू प्लस (रिअ‍ॅक्शनचा जोर फोर प्लसपर्यंत मोजतात), आणि कुठली अँटिबॉडी ते ओळखायच्या ११ सेलच्या पॅनेलवर अँटी-जेकेए, म्हणजे किड रक्तगटातल्या जेकेए अँटिजेनविरुद्धची (अँटिजेन म्हणजे पेशीवरची गटाची खूण). उशिराने होणारी रक्तसंचारण प्रतिक्रिया, म्हणजे चढवलेल्या पेशी काही दिवसांनी फुटणं, पुस्तकात असते तशीच.

मग आधीच्या सॅम्पलमध्ये ती का दिसली नाही? वापरलेल्या विकतच्या सेल्सचा लॉट म्हणजे बॅच बघितली तर एक्सपायरीला पाच दिवस उरले होते. माझा संशय सरळ तिथेच गेला, पेशी म्हाताऱ्या झाल्या होत्या. नशिबाने आधीच्या सॅम्पलचा उरलेला प्लाझ्मा छोट्या व्हायल्समध्ये मायनस ४० ला ठेवलेला आहे त्यामुळे हा संशय तपासता येईल.

५ जून

एथिक्स कमिटीचा कागद आला. डोनरकडून जास्तीची एक ट्यूब घ्यायची, वेगळी संमती, मराठीत छापलेली.

नवीन इंटर्नसाठी इथेच लिहून ठेवते कारण तिने आज विचारलं की ओ गटच का. स्क्रीनिंगमध्ये आपण पेशंटचा प्लाझ्मा घेतो आणि ओळखीच्या पेशींवर टाकतो. त्या पेशींवर ए आणि बी अँटिजेन असले तर पेशंटच्या नेहमीच्या अँटी-ए, अँटी-बीनेच गुठळ्या होतील आणि बाकी काही कळणारच नाही, म्हणून ओ. आणि एका डोनरच्या पेशींवर सगळे अँटिजेन असूच शकत नाहीत म्हणून तीन डोनर असे निवडायचे की तिघांत मिळून डी, सी, ई, केल, डफी, किड, एम, एन, एस, लुईस, पी-वन सगळं येईल. कुठल्या सेलवर काय आहे ते अँटिग्रॅमच्या कागदावर छापलेलं असतं आणि तो कागद लॉटप्रमाणे बदलतो. आज तिने नवीन लॉटची रिअ‍ॅक्शन जुन्या लॉटच्या कागदावर वाचली. आता दोन्ही कागद एकाच फाइलला लावायचे नाहीत, जुना लॉट संपला की त्याचा कागद त्याच दिवशी कपाटात.

विकतच्या सेल्सचं दुखणं वेगळंच आहे. आयुष्य मोजून चार ते सहा आठवडे, त्यात परदेशातून विमान, कस्टम्स, वितरकाचं गोडाऊन, मग ऑटोत बर्फाच्या डब्यातून आपल्याकडे. हातात येईपर्यंत बरेचदा दोनच आठवडे उरलेले असतात. शिवाय त्या डोनरांचे अँटिजेन त्यांच्याकडच्या लोकसंख्येचे. इंडियन नावाचा जो रक्तगट आहे त्यातला आयएन-ए अँटिजेन १९७३ मध्ये मुंबईतल्या लोकांतच पहिल्यांदा नोंदला गेला, आपल्याकडे साधारण ३ टक्के लोकांत सापडतो, युरोपियन लोकांत जवळपास नसतोच. तिकडच्या सेल्सवर तो शोधायला गेलं तर मिळणार कुठून.

१२ जून

आठवडाभर फक्त फीनोटायपिंग, म्हणजे कुठल्या डोनरच्या पेशींवर कुठले अँटिजेन ते तपासणं. सकाळी साडेआठला बसायचं आणि दुपारी जेवायला उठायचं असं चाललंय, मान अवघडली.

आर-वन-आर-वन म्हणजे डी आणि मोठा सी असलेले, छोटा सी नसलेले, हवे तितके मिळतात, आपल्याकडे तोच प्रकार भरपूर. आरएच निगेटिव्ह शंभरात पाच-सातच पण नेहमी येणाऱ्यांत मिळाले. खरी मारामार आर-टू-आर-टूची, ज्यात मोठा ई दुहेरी असतो, आणि केल पॉझिटिव्हची. केल आपल्याकडे इतका कमी की संध्याकाळी ऐरोलीच्या एका डोनरच्या पेशी अँटी-केलसोबत थ्री प्लस आल्या तेव्हा मी कार्ड घेऊन थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेले. तो गेली सहा वर्षं वाढदिवसाला रक्त देतो. त्याला फोन करून सांगितलं की तुमच्या पेशी आम्हाला खूप उपयोगाच्या आहेत. "मला काही आजार तर नाही ना?" हा पहिला प्रश्न, साहजिकच. नीट समजावलं.

किड आणि डफी बघताना मुद्दाम दुहेरी मात्रेवाले वेगळे काढतेय. ज्याच्याकडे आई आणि वडील दोघांकडून तोच अँटिजेन आलाय त्याच्या पेशीवर तो जास्त संख्येने असतो आणि दुबळी अँटिबॉडीसुद्धा तिथे पकडली जाते, एकेरीवाल्यावर सुटू शकते. ह्याला डोसेज म्हणतात आणि किडच्या बाबतीत तो सगळ्यात जास्त छळतो.

१९ जून

अल्सेव्हर सोल्यूशन बनवलं. १०० मिली ला डेक्स्ट्रोज २.०५ ग्रॅम, मीठ ०.४२, सोडियम सायट्रेट ०.८०, सायट्रिक अ‍ॅसिड ०.०५५, पीएच ६.१. नुसतं ऑटोक्लेव्ह केलं की डेक्स्ट्रोज पिवळं पडायला लागतं म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, मग निओमायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल. हे सोल्यूशन मूळ १९४१ चं आहे आणि अजून कामाला येतं ह्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

पेशी तीनदा सलाइनने धुतल्या. पहिल्या वेळी वरचं पाणी गुलाबी पिवळसर, दुसऱ्याला फिकट, तिसऱ्याला नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, तेव्हाच पुढे जायचं. तिन्ही डोनरचं एचआयव्ही, दोन्ही कावीळ (बी आणि सी), सिफिलीस, मलेरिया निगेटिव्ह आल्याचा कागद हातात आल्यावरच बाटल्या भरल्या आणि तिघांचं डायरेक्ट कूम्ब्स निगेटिव्ह आहे ते आधी बघितलं, कारण पेशीवर आधीपासूनच अँटिबॉडी चिकटलेली असेल तर ती प्रत्येकाच्या प्लाझ्म्यासोबत पॉझिटिव्ह येणार. आमच्या सेटला नाव दिलं ठाणे-१. सेल एक आर-वन-आर-वन आणि केल पॉझिटिव्ह, ऐरोलीवाला. सेल दोन आर-टू-आर-टू, जी शेवटी नेरुळच्या कॅम्पमधून मिळाली. सेल तीन आरएच निगेटिव्ह, जेकेए दुहेरी, डफी-ए दुहेरी.

२० जून

पाया रचला. ओळखीचे अँटिसिरा (ज्यात कुठली अँटिबॉडी आहे ते माहीत आहे असे सिरम) पातळ करत करत अशा ठिकाणी आणले की ताज्या पेशीवर टू प्लस येईल. हे महत्त्वाचं आहे. कडक अँटिसिरम वापरला तर पेशी अर्धी मेली तरी फोर प्लस दाखवेल आणि आपण खुश होऊन बसू. त्याच पातळीच्या व्हायल्स भरून मायनस ४० ला ठेवल्या, दर आठवड्याला एकच काढायची, उरलेली परत गोठवायची नाही.

पद्धत जेल कार्डचीच. पेशींचं ०.८ टक्के सस्पेन्शन (द्रावणात मिसळलेल्या पेशी) ५० मायक्रोलिटर, प्लाझ्मा २५, ३७ अंशाला १५ मिनिटं, मग कार्ड सेंट्रिफ्यूज १० मिनिटं. गुठळी झाली तर जेलच्या वर अडकते, नाही झाली तर सगळ्या पेशी तळाला बटणासारख्या बसतात. वाचन मी आणि इंटर्न दोघींनी वेगवेगळं करायचं, एकमेकींचा आकडा न बघता.

४ जुलै

आजची नोंद जरा मोठी होणार.

दिव्याच्या मुलाचा मे महिन्याचा जुना प्लाझ्मा काढला. आधी आपल्या ठाणे-१ वर लावला, आज पेशी पंधरा दिवसांच्या. सेल एक निगेटिव्ह, सेल दोन निगेटिव्ह, सेल तीनमध्ये जेलच्या खालच्या अर्ध्यात लाल कण पसरलेले. वन प्लस. मी कार्ड पांढऱ्या कागदावर धरून बघितलं, मग पाठीमागून बघितलं, मग इंटर्नला काही न सांगता वाचायला दिलं, तिनेही वन प्लसच लिहिलं.

पण हे तर पंधरा दिवसांच्या पेशी, मे महिन्यातल्या त्याहून जुन्या होत्या, म्हणजे माझा संशय अजून उभाच होता. म्हणून आज सकाळीच रक्त दिलेल्या, जेकेए एकेरी असलेल्या डोनरच्या ताज्या पेशी घेतल्या आणि तोच प्लाझ्मा लावला. निगेटिव्ह. परत लावला. निगेटिव्ह. दुसऱ्या एकेरी डोनरच्या घेतल्या, तिथेही निगेटिव्ह. मग कपाटातून मे महिन्याच्या लॉटचा अँटिग्रॅम काढला आणि किडच्या कॉलमवर बोट ठेवलं. ज्या दोन सेल्सवर जेकेए होता त्या दोन्ही एकेरी. त्या लॉटमध्ये जेकेए दुहेरी असलेला सेल एकही नव्हता.

म्हणजे पेशी म्हाताऱ्या नव्हत्या. त्या दिवशी अगदी ताज्या असत्या तरी ती अँटिबॉडी सुटलीच असती. महिनाभर मी चुकीच्या गोष्टीला दोष देत होते आणि तो कागद तेव्हाही ह्याच कपाटात होता.

किडच्या अँटिबॉडीचा स्वभावच तसा, तयार होते, काही महिन्यांत पातळी इतकी खाली जाते की दिसत नाही, आणि पुन्हा तोच अँटिजेन अंगात गेला की आठवड्याभरात उसळून वर येते. मुलाला आधी कधीतरी जेकेएवालं रक्त गेलं असणार, दर तीन आठवड्यांनी नवीन डोनर म्हटल्यावर ते होणारच.

मॅडमना सांगितलं. त्यांनी लगेच ठरवलं की ह्यापुढे बहुसंचारित म्हणजे वारंवार रक्त घेणाऱ्या पेशंटसाठी लॉट आला की आधी अँटिग्रॅम बघायचा, किड आणि डफीला दुहेरी सेल नसेल तर आपला सेल तीन सोबत लावायचाच. माझ्या मते हा नियम सगळ्याच पेशंटना लावायला हवा, मी तसं बोललेही, पण सेल तीनची बाटली एवढीशी आहे हेही खरं.

८ जुलै

रात्रभर पाऊस, तीन हात नाक्याला पाणी, मी सव्वादहाला पोचले. ठाणे-१ च्या सेल दोनच्या बाटलीत वरचं पाणी चेरीसारखं लाल. हिमोलिसिस, पेशी फुटल्या. वीज गेली म्हणून असेल असं वाटलं पण चार्टवर तापमान २ ते ६ च्या आतच. लॅबमधल्या काकांनी रॅक बाहेर काढून फ्रीजच्या मागच्या प्लेटला हात लावला आणि म्हणाले "हे बघा मॅडम, इथे बर्फ जमलाय." रॅक मागे सरकून प्लेटला टेकला होता, कडेची बाटली गोठली आणि सुटली. थर्मामीटरची कांडी मधोमध असते, तिला मागच्या भिंतीचं काय कळणार. रॅकमागे थर्माकोलची पट्टी लावली. सेल दोनची दुसरी बाटली वेगळ्या फ्रीजमध्ये होती म्हणून मालिका तुटली नाही.

१८ जुलै

चार आठवडे पूर्ण. आरएचचे सगळे अँटिजेन जिथे होते तिथे, केलसुद्धा टू प्लसच, जेकेए तसाच. पडलाय तो डफी-ए, टू प्लसवरून वन प्लसवर. एम पण उतरलाय. लुईस तर दुसऱ्या आठवड्यापासूनच डळमळत होता, त्यात नवल नाही कारण लुईसचा अँटिजेन पेशी स्वतः बनवत नाही, प्लाझ्म्यातून येऊन चिकटतो, धुतला आणि साठवला की सुटून जातो.

डफीचं कारण वाचलं तर पटलं. डफी-ए आम्लाच्या आणि कमी क्षाराच्या द्रावणात पेशीवरून सुटायला लागतो, आणि अल्सेव्हरचा पीएच ६.१, मीठ सलाइनच्या निम्म्याहून कमी. म्हणजे ज्या सोल्यूशनमुळे पेशी फुटत नाहीत तेच डफीला नडतंय. विकतच्या सेल्समध्ये अडेनीन, इनोसीन वगैरे घालून पेशी जास्त टिकवतात, पुढच्या बॅचमध्ये तेही करून बघायचं.

म्हणजे संशय पूर्ण खोटाही नव्हता. दिव्याच्या मुलाच्या जागी अँटी-डफी-एवाला पेशंट असता आणि सेल्स शेवटच्या आठवड्यातल्या असत्या तर पेशींचं वयच आडवं आलं असतं. एकाच निगेटिव्हमागे दोन वेगळी कारणं असू शकतात आणि कार्डावर दोन्ही सारखीच दिसतात, तळाला एक नीटस लाल बटण.

२५ जुलै

पाच आठवडे. डफी-एला दोघींचं एकमत होत नाही, मी अर्धा प्लस म्हणते, ती निगेटिव्ह. ठाणे-१ इथे बंद. आपल्या हातच्या सेटची मुदत २१ दिवस लिहायची असं ठरलं आणि रोज सकाळी सेट वापरायच्या आधी पातळ केलेली अँटी-डफी-ए लावून बघायची. आतापर्यंत रोजचा कंट्रोल फक्त पातळ अँटी-डीचा होता, पण डी तर शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत राहतो, तो कंट्रोल हलत नाही म्हणून आपल्याला वाटत राहतं की सगळा सेट चांगला आहे.

१ ऑगस्ट

छोटीशी पण कामाची गोष्ट. काल दुपारी बनवलेलं ०.८ टक्के सस्पेन्शन जेलच्या डायल्यूएंटमध्ये (पेशी पातळ करायचं द्रावण) उरलं होतं, संध्याकाळच्या पाळीला तेच वापरायची सवय आहे, टाकून द्यायला जीव होत नाही. आज मुद्दाम कालचं आणि आजचं शेजारी लावलं. डफी-ए कालच्यात स्पष्ट कमी. डायल्यूएंट कमी क्षाराचंच असतं, रात्रभर पेशी त्यात बसल्या. नियम झाला, सस्पेन्शन रोज सकाळी ताजं, उरलेलं पाळी संपली की बाद.

८ ऑगस्ट

ऐरोलीचा केलवाला आणि नेरुळची आर-टू-आर-टू ह्यांना सारखं बोलावता येत नाही, तीन महिन्यांतून एकदा तो, चार महिन्यांतून एकदा ती. म्हणून गोठवून बघणार. ग्लिसरॉलने लाल पेशी गोठवता येतात हे १९५० मध्ये लंडनला ऑड्री स्मिथने दाखवलं. पेशीच्या आत ग्लिसरॉल शिरलं की बर्फाचे स्फटिक पेशी फाडत नाहीत. शेवटची तीव्रता साधारण ४० टक्के यायला हवी, थेंब थेंब घालत, हलवत, मग मायनस ८० ला. एक एक मिलीच्या २४ व्हायल्स केल्या.

१४ ऑगस्ट

पहिली व्हायल वितळवली आणि वाया गेली. ग्लिसरॉल बाहेर काढताना मी १२ टक्के मिठाच्या पाण्यानंतर सरळ साध्या सलाइनवर आले, मधली १.६ टक्क्यांची पायरी गाळली. पेशींच्या आत ग्लिसरॉल अजून भरलेलं, बाहेर एकदम पातळ, पाणी आत धावलं आणि पेशी फुटल्या. ट्यूबमध्ये सरबत.

दुसऱ्या वेळी दोघांची एकेक व्हायल नीट केली. १२ टक्के, पाच मिनिटं थांबणं, १.६ टक्के, धुणं, मग ०.९ टक्के सलाइनमध्ये ०.२ टक्के डेक्स्ट्रोज. पहिल्या धुण्याला वरचं पाणी लालच, दुसऱ्याला गुलाबी, चौथ्याला मी ट्यूब खिडकीकडे धरली आणि पलीकडच्या इमारतीचे गज स्वच्छ दिसले. तळाला पेशी कमी उरल्या पण होत्या त्या चकचकीत. केल टू प्लस, मोठा ई टू प्लस, गोठवायच्या आधी होते तेच.

२१ ऑगस्ट

कळव्याहून एक सॅम्पल, ऑपरेशनची बाई, फॉर्मवर ओ पॉझिटिव्ह. स्क्रीनिंगच्या तिन्ही सेल्स फोर प्लस, तिच्या स्वतःच्या पेशी तिच्याच प्लाझ्म्यासोबत निगेटिव्ह. इंटर्न घाबरली की सेट खराब झाला. सेट ठणठणीत होता. अँटी-एच लावलं, तिच्या पेशी निगेटिव्ह. बॉम्बे गट, ज्यात ए आणि बी ज्यावर बनतात तो एच अँटिजेनच पेशीवर नसतो. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतच शोधलेला. ओ पेशींवर एच भरपूर असतो आणि हिच्या प्लाझ्म्यात अँटी-एच, मग आपल्या सगळ्याच सेल्सवर ती तुटून पडणार. हिला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालेल, तसा निरोप सर्जनना ताबडतोब दिला, खात्रीसाठी सॅम्पल परळला केईएमच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत पाठवलं, आणि नोंदीतल्या बॉम्बे डोनरना फोन सुरू केले.

१ सप्टेंबर

गणपतीतल्या मंडळाचा कॅम्प, वागळे इस्टेट. आरती संपेपर्यंत सुई हातात घेतली नाही, मग एकदम रांग. ओ गटाच्या प्रत्येकाला जास्तीच्या ट्यूबबद्दल विचारलं, जवळजवळ कोणीच नाही म्हणालं नाही. एक आजोबा वयामुळे बसत नव्हते, त्यांनी नातवाला पुढे केलं.

४ सप्टेंबर

दिव्याच्या मुलासाठी जेकेए निगेटिव्ह रक्त शोधणं आता नेहमीचं काम. ढोबळमानाने पाचातला एक डोनर निघतो, म्हणजे मिळतं, फक्त आधीपासून शोधून ठेवावं लागतं. कॅम्पच्या ट्यूबांमधून दोन पिशव्या निघाल्या, आरएच आणि केलसुद्धा त्याच्याशी जुळणाऱ्या. क्रॉसमॅच कूम्ब्सपर्यंत निगेटिव्ह, म्हणजे जुळला. आजचं स्क्रीनिंग आता निगेटिव्ह दिसतंय, सेल तीनवरही, अँटिबॉडी पुन्हा खाली गेली. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं, स्क्रीनिंग काहीही येवो, ह्याला कायम जेकेए निगेटिव्हच. तसंच कार्ड आईच्या पर्समध्ये ठेवायला दिलं, कारण उद्या गावी गेले आणि तिथे रक्त लागलं तर तिकडच्या लॅबला हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

१३ सप्टेंबर

नऊ दिवस झाले. आई फॉलोअपला आली, हिमोग्लोबिन टिकलंय, डोळे पांढरे, डायरेक्ट कूम्ब्स निगेटिव्ह. मुलगा कार्डचा सेंट्रिफ्यूज बघायला काचेशी उभा होता, त्याला रिकामं जेल कार्ड दिलं.

ठाणे-३ ची बाटली सोमवारी उघडायची. अडेनीन आणि इनोसीन घातलेली पहिली बॅच, डफी-एवर लक्ष ठेवायचं.